जीवदयेला कायम निधी देणारे शेठ मोतीशाह

मुंबईतील भुलेश्वर-काळबादेवीचा परिसर वऱ्हाडातील व्यापारी बांधवांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट येथील कापडाच्या पेढ्यांपासून थोड्याच अंतरावर, दाट वस्तीत आणि गजबजलेल्या बाजारात, मुंबई पांजरपोळ ही संस्था उभी आहे. तिची स्थापना इ. स. १८३४ मध्ये झाली. तिच्या संस्थापकांत दोन नावे अग्रभागी येतात. एक सर जमशेटजी जीजीभाई आणि दुसरे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजात आदराने स्मरले जाणारे शेठ मोतीशाह. जमशेटजींचे नाव जे. जे. रुग्णालयामुळे घरोघरी पोचले. मोतीशाहांचे नाव पालिताण्यास जाणाऱ्या यात्रेकरूंना शत्रुंजयावरील त्यांच्या टूकमुळे ठाऊक असते. मात्र जीवदयेच्या क्षेत्रात त्यांनी जी व्यवस्था घालून दिली, तिची माहिती त्या मानाने थोड्यांनाच आहे.

दया क्षणात उपजते, सांभाळ मात्र वर्षानुवर्षे करावा लागतो. पंख मोडलेला पोपट अंगणात पडला, तर त्याला उचलून घेण्यास एक क्षण पुरतो. तो पुन्हा उडू शकला नाही, तर पुढची पंधरा-वीस वर्षे त्याला दाणापाणी, औषधोपचार आणि स्वच्छ निवारा द्यावा लागतो. उचलणारा हात वृद्ध होतो, घरची परिस्थिती पालटते, मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जातात. पक्षी मात्र जिवंत असतो. अशा जीवाची जबाबदारी कोणी आणि कशाच्या बळावर घ्यावयाची, हा जीवदयेपुढील कठीण प्रश्न आहे. मोतीशाहांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याच्या रीतीने दिले. म्हणूनच ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात त्यांचे जीवन समाजापुढे ठेवणे उचित ठरते.

खंभातचा वारसा

मोतीशाहांचा जन्म इ. स. १७८२ चा. वडिलांचे नाव अमीचंद साकळचंद. ओसवाल ज्ञातीचे हे श्वेतांबर जैन घराणे मूळचे गुजरातेतील खंभातचे. खंभात हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील भरभराटीचे बंदर होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे तेथे येईनाशी झाली आणि तेथील व्यापार प्रथम सुरतेकडे व नंतर मुंबईकडे वळला. व्यापाराबरोबर व्यापारी घराणीही मुंबईस आली. अमीचंद शेठ त्यांपैकीच एक होत.

खंभातचा उल्लेख येथे केवळ मूळ गाव म्हणून केलेला नाही. त्या नगरात आजारी व जखमी पक्ष्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय होते, याची नोंद परदेशी प्रवाशांनी केली आहे. इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये खंभातला भेट दिली तेव्हा ते रुग्णालय पाहिले. लंगडे, आजारी, जोडीदार गमावलेले असे नाना प्रकारचे पक्षी तेथे ठेवलेले होते. एका वृद्ध गृहस्थाने उंदरांची पोरकी पिल्ले पेटीत कापूस अंथरून ठेवली होती आणि चष्मा लावून तो त्यांना पिसाच्या टोकाने दूध पाजीत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. पक्षी बरा झाल्यावर काय करीत, हेही त्याने नोंदविले आहे. रानपक्षी असेल तर त्याला मोकळे सोडीत, आणि माणसाळलेला असेल तर एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या घरी सांभाळण्यास देत. उपचार, मुक्तता आणि मुक्तता शक्य नसल्यास सज्जनाच्या घरी सांभाळ, हा क्रम आजही तंतोतंत लागू पडतो. मोतीशाहांच्या जन्मापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे त्यांच्या पूर्वजांच्या नगरात ही रीत रूढ होती.

व्यापार आणि उत्कर्ष

मोतीशाह वाढले ती मुंबई झपाट्याने बदलत होती. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानातील व्यापाराची मक्तेदारी संपुष्टात आली आणि खाजगी व्यापाऱ्यांना मोठे क्षेत्र खुले झाले. चीनशी चालणारा सागरी व्यापार हा मुंबईच्या संपत्तीचा मुख्य झरा होता. मोतीशाहांनी या व्यापारात पाऊल टाकले, स्वतःची जहाजे राखली आणि अल्पावधीत मुंबईच्या अग्रगण्य शेठियांत स्थान मिळविले. वयाने त्यांच्याहून वर्षाने लहान असलेले जमशेटजी जीजीभाई हे त्यांचे व्यापारातील सहकारी होते. जैन आणि पारशी या दोन समाजांतील या दोन गृहस्थांचे सख्य पुढे मुक्या प्राण्यांच्या कामी आले.

हिंदुस्थानातून चीनकडे जाणाऱ्या मालात कापूस होता, तशीच माळव्याची अफूही होती. मोतीशाहांचाही त्या व्यापारात भाग होता. कंपनी सरकारच्या राजवटीत तो व्यापार येथे उघडपणे चालत असे आणि मुंबईतील सर्व समाजांचे मोठे व्यापारी त्यात होते. तथापि त्या अफूने चीनमधील असंख्य कुटुंबांची धूळधाण झाली, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. थोर पुरुषही आपल्या काळाच्या मर्यादांत वावरतात. त्यांचे जे घेण्यासारखे आहे ते कृतज्ञतेने घ्यावे आणि जे सोडण्यासारखे आहे ते सोडावे, हीच विवेकाची रीत होय.

मोतीशाहांच्या उत्कर्षाच्या काळातच वऱ्हाडचा कापूसही मुंबईच्या बाजारात येऊ लागला. पेस्तनजी-विकाजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईस पाठविण्यास प्रारंभ केला. आगगाडी तेव्हा नव्हती. शेकडो मैलांचा घाटरस्ता बैलांच्या पाठीवर लादलेल्या गोण्यांनी पार करावा लागे. अशा वाटेवर किती जनावरे खंगली आणि किती वाटेतच बसली, याची नोंद कोणत्याही चोपडीत नाही. ज्यांच्या श्रमावर बाजार उभा राहिला, ते पशू निकामी झाल्यावर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या दाराशीच उभा होता.

१८३२ ची घटना

या प्रश्नाला तोंड फुटले ते भटक्या कुत्र्यांच्या निमित्ताने. उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारस कुत्री मारून टाकण्याचा नियम मुंबईत कंपनी सरकारने केला होता आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांस मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली, अशी लोकांची तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे आणि जैन व हिंदू समाजांना तर कोणत्याही जीवाची हत्या असह्य होती. अखेर ६ जून १८३२ रोजी कोट भागात लोकक्षोभ उसळला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, व्यवहार थंडावले, लष्कराला होणारा पुरवठाही अडला. सरकारने सैन्य बोलावून दंगा शमविला आणि अनेकांची धरपकड झाली.

त्यानंतर प्रतिष्ठित नागरिकांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या करून, कुत्री मारण्याऐवजी ती पकडून अन्यत्र न्यावीत, असा आग्रह धरला. तेव्हा दुसरी अडचण समोर आली. पकडलेली कुत्री न्यावयाची कोठे आणि त्यांना खाऊ घालावयाचे कोणी? हत्या थांबवा असे म्हणणाऱ्यावर त्या जीवाच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी येऊन पडते. दंगा दोन दिवसांत ओसरला, पण ही जबाबदारी ओसरणारी नव्हती. मुंबईच्या शेठियांनी ती ओळखली, हे त्यांचे मोठेपण होय.

पांजरपोळीची स्थापना

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वर भागात मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. जमशेटजी आणि मोतीशाह यांनी तीत पुढाकार घेतला आणि सढळ हाताने द्रव्य दिले. वृद्ध गाई-बैल, निकामी घोडे, भटकी कुत्री, शेळ्या-मेंढ्या, जखमी पक्षी, अशा सर्वांना तेथे आश्रय मिळू लागला. येथे येणारा प्राणी दूध देतो काय किंवा ओझे ओढू शकतो काय, हा विचार नव्हता. तो जीव आहे आणि त्याला दुसरा आधार नाही, एवढी पात्रता पुरे होती.

गुजरातेतील अनेक नगरांत पांजरपोळी पूर्वीपासून होत्या. मुंबईच्या पांजरपोळीचे वैशिष्ट्य तिच्या अर्थव्यवस्थेत होते. शेठ लोकांच्या एकरकमी देणगीवर जागा मिळते, इमारत उभी राहते, उद्घाटन थाटात होते. परंतु जनावराला चारा दररोज लागतो. देणगीदार आज आहे, उद्या नाही. हे ध्यानी घेऊन मुंबईच्या महाजनांनी आपल्या व्यापारावर स्वेच्छेने लाग बसविली. कापूस, साखर, अफू अशा मालाच्या व्यवहारांवर ठराविक दराने रक्कम बाजूला काढून ती पांजरपोळीच्या खाती जमा करावयाची, असा ठराव झाला. माल विकला की अडत, दलाली, हमाली यांच्याबरोबर धर्मादायही हिशेबात येऊ लागला.

या योजनेचे मर्म व्यापाऱ्याला सहज उमजेल. एका व्यवहारावरील लाग इतकी अल्प असते की देणाऱ्यास तिचा भार जाणवत नाही. पण बाजार जोवर चालू आहे तोवर ती अखंड येत राहते. एखाद्या वर्षी मोठ्या देणगीदाराचे निधन झाले, कोणाची पेढी बुडाली, तरी बाजार थांबत नाही आणि म्हणून गोठ्यातील चाराही थांबत नाही. शिवाय लाग भरणारा प्रत्येक लहान व्यापारी त्या पुण्यकार्याचा भागीदार होतो. मोठ्या मनाच्या दोघा गृहस्थांची करुणा अशा रीतीने साऱ्या बाजाराच्या खतावणीत नोंदली गेली. मोतीशाहांच्या पेढीची जहाजे केव्हाच काळाच्या उदरात गडप झाली. पांजरपोळ मात्र सुमारे एकशे नव्वद वर्षांनंतरही उभी आहे, याचे रहस्य या व्यवस्थेत आहे.

जिनालये आणि शत्रुंजयाची टूक

मोतीशाहांची धर्मश्रद्धाही तितकीच उत्कट होती. मुंबईत भायखळा येथे त्यांनी आदीश्वर भगवानांचे भव्य जिनालय उभारले आणि १८२८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. त्या भागातील एका रस्त्यास आजही मोतीशाहांचे नाव आहे. ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात विरारजवळ आगाशी तीर्थ आहे. तेथील मुनिसुव्रतस्वामींच्या जिनालयाशीही मोतीशाहांचे नाव परंपरेने जोडलेले आहे.

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे धर्मकार्य म्हणजे शत्रुंजय पर्वतावरील टूक. पर्वताच्या दोन शिखरांमध्ये कुंतासर नावाची खोल दरी होती. ती भरून काढून तिच्यावर मंदिरसमूह उभारण्याचा संकल्प त्यांनी केला. डोंगरावर दगड, माती आणि पाणी चढविणे हे त्या काळी किती कष्टाचे व खर्चाचे असेल, याची कल्पना पायऱ्या चढून जाणाऱ्या यात्रेकरूस येते. मंदिराचे एकही शिखर दिसण्यापूर्वी फार मोठी रक्कम दरी भरण्यातच खर्ची पडली. जे काम डोळ्यांस दिसत नाही त्यासाठी द्रव्य देण्यास वेगळे मन लागते, आणि ते मोतीशाहांपाशी होते.

हे कार्य पूर्णत्वास गेलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८३६ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी, १८३७ मध्ये, त्यांचे सुपुत्र खीमचंद यांच्या हस्ते टूकेचा प्रतिष्ठा-महोत्सव पार पडला. पांजरपोळीची स्थापना होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. संस्थापकांपैकी एक इतक्या लवकर निघून गेल्यावरही ती संस्था चालू राहिली.

राहिलेली उणीव आणि तिची पूर्ती

पांजरपोळीच्या कार्याचा गौरव करताना तिच्यातील एका उणिवेचाही विचार केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पांजरपोळी पाहून गेलेल्या अनेकांनी अशी टीका केली की, तेथे प्राण्यांना आश्रय व चारा मिळतो, परंतु रोगावर योग्य उपचार होत नाहीत. या टीकेत काही अंश परक्या दृष्टीचा असला, तरी काही अंश सत्यही होता. पशुवैद्यक तेव्हा आपल्याकडे शास्त्र म्हणून शिकविलेच जात नव्हते. मृत्यूपासून वाचविलेला जीव वेदनेत पडून राहिला, तर दया अर्धीच राहते.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय पुन्हा एका पारशी गृहस्थाकडे जाते. मुंबईच्या कापड गिरणी उद्योगातील अग्रणी सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे १८८३ मध्ये पशुरुग्णालयाची स्थापना झाली आणि त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था १८७४ मध्ये निघाली होती. तिच्या कार्यातूनच या रुग्णालयाची निकड पुढे आली. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. मोतीशाहांच्या पिढीने आश्रय दिला, पेटिटांच्या पिढीने औषध दिले. परळच्या त्या रुग्णालयात पशूंप्रमाणेच पक्ष्यांवरही उपचार होतात आणि संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांजाने कापलेले पक्षी तेथे मोठ्या संख्येने आणले जातात.

पिंजऱ्यातील पोपट आणि श्रावकाचे व्रत

मोतीशाहांच्या जीवनातून आज काय घ्यावे, याचा विचार इंझोरीसारख्या गावात अगदी जवळच्या उदाहरणावरून करता येतो. ज्वारी, हरभरा आणि फळबागा असलेल्या या भागात पोपटांचे थवे नित्य दिसतात. झाडांच्या ढोलीतून त्यांची पिल्ले काढून विकली जातात. उडून जाऊ नये म्हणून त्यांचे पंख छाटले जातात आणि लहानशा पिंजऱ्यात मिरची व भिजवलेली डाळ एवढ्यावर त्यांना ठेवले जाते. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रात सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. पिंजरा म्हणजे बंधन, छाटलेले पंख म्हणजे छेदन आणि अपुरा आहार म्हणजे अन्ननिरोध, असे पाहिले तर हौसेने पाळलेल्या एका पोपटात तीन अतिचार एकत्र येतात.

कायदाही हेच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील रानपोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. जखमी पोपट सापडल्यास विनाविलंब वनविभागास कळविणे आवश्यक असते आणि त्यांच्या मार्गदर्शनानेच त्याचा सांभाळ करावा लागतो.

पर्वकाळी पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागील भावना निर्मळ आहे, परंतु व्यापाराचा साधा नियम येथे विसरला जातो. ज्या मालाला गिऱ्हाईक मिळते, तो माल पुन्हा बाजारात येतो. आज दहा पक्षी विकत घेऊन सोडले, तर पकडणारा उद्या वीस आणतो. शिवाय पंख छाटलेला किंवा दीर्घकाळ कोंडलेला पक्षी सोडल्यावर मांजर, कुत्रा वा कावळ्यांच्या तोंडी सापडतो. त्याला मिळालेले अभय घटकाभराचेच ठरते.

सुटका झालेल्या पोपटाचा आजार बहुधा बाहेरून दिसतो त्याहून खोल असतो. छाटलेली पिसे पीसगळतीनंतर नव्याने येतात, त्यासाठी काही महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो. पण मोडलेले हाड वेडेवाकडे जुळले, तर तो पक्षी जन्मभर उडू शकत नाही. वर्षानुवर्षे केवळ डाळ, मिरची किंवा सूर्यफुलाच्या बिया खाऊन कॅल्शियम व जीवनसत्त्व अ यांची उणीव होते. हाडे ठिसूळ होतात, चोच बिघडते, श्वसनाचे विकार जडतात. अशा पक्ष्याच्या आहारात पालेभाज्या, पपई, पेरू, मोड आलेली कडधान्ये यांचा हळूहळू समावेश करावा लागतो. दूध मुळीच देऊ नये, ते पक्ष्यांना पचत नाही. जखमी पक्षी सापडताच त्याच्या चोचीत बळेच पाणी ओतण्याची चूक पुष्कळदा होते; ते पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. छिद्रे पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून, अंधाऱ्या, उबदार व शांत जागी त्याला ठेवावे. माणसांची वेदनाशामक औषधे देऊ नयेत आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकाकडे न्यावे.

जो पोपट बरा होऊन उडू शकेल, त्याला योग्य ठिकाणी मुक्त करावे. जो कधीच उडू शकणार नाही, त्याला वनविभागाच्या संमतीने एखाद्या जबाबदार केंद्रात किंवा घरी आयुष्यभराचा आश्रय मिळावा. चारशे वर्षांपूर्वी खंभातमध्ये हीच रीत होती. पोपट पंचवीस वर्षांपर्यंतही जगू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आश्रयाचे मोल कळते. औषधाची वेळ, पिंजऱ्याची स्वच्छता, वजनाची नोंद, थंडीत ऊब आणि घरच्यांना बाहेरगावी जावयाचे असल्यास पर्यायी माणूस, एवढे सारे वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. हे काम मिरवणुकीत दिसत नाही आणि फलकावर लिहिले जात नाही. तरीही उपवास-आयंबिलाइतकीच चिकाटी त्याला लागते.

सुवर्ण महोत्सवाचा संकल्प

एकट्या कुटुंबावर हा भार पडला तर दया थकते. मोतीशाहांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो भार बाजारात वाटून दिला. गावपातळीवरील ट्रस्टलाही आपल्या ऐपतीप्रमाणे हे करता येण्यासारखे आहे. जखमी पशुपक्ष्यांसाठी एक स्वतंत्र खाते असावे, त्यातील मुद्दल कायम राहावे आणि व्याजातून औषध व वाहतुकीचा खर्च भागवावा. दुकानाच्या विक्रीतून, शेतमालाच्या व्यवहारातून किंवा घरातील मंगल प्रसंगी अल्प रक्कम नियमाने या खाती यावी. पशुवैद्यक आणि वनविभागाचे नजीकचे कार्यालय यांचे दूरध्वनी क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर असावेत. सांभाळ करू इच्छिणाऱ्या कुटुंबांची यादी तयार असावी आणि वर्षाच्या शेवटी किती जीव आले, किती बरे झाले, किती मुक्त झाले आणि किती आश्रयास राहिले, याचा ताळेबंद समाजापुढे ठेवावा. आलेल्यांपैकी काही दगावतील, हेही त्या ताळेबंदात प्रामाणिकपणे लिहावे.

एकोणिसाव्या शतकातील एका व्यापाऱ्याने जहाजे चालविली, जिनालये बांधली, दरी भरून काढली आणि निराधार मुक्या जीवांसाठी रोजच्या चाऱ्याची कायम तरतूद केली. त्यांच्या संपत्तीचा थोडाही अंश गाठीशी नसलेल्या गृहस्थाला त्यांची ही शेवटची गोष्ट अनुसरता येते, कारण तिला लागते ती नियमितपणा आणि चोख हिशेबाची सवय. जीवदयेच्या या थोर उपासकास सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी विनम्र अभिवादन.